मागे 255, पुढे 225 आणि ‘चालतंय की’

कोल्हापुरात चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे मागितले की काय होतं ते लिहून ठेवतो. आणखी कुणाचं डोकं फिरायचं वाचेल.

गाडी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, जोर मागच्या चाकांना. कंपनीकडून पुढे 225/45 आर18, मागे 255/40 आर18. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. 18 म्हणजे रिमचे इंच. बाहेरून व्यास जवळपास सारखाच, जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक, त्यामुळे एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, कुरकुरत नाही. पकड मात्र मागे जास्त. हायवेला हे बरंच आहे. वेगात वळताना मागची बाजू सुटण्याआधी पुढची सरकते, माणूस घाबरून पाय उचलतो आणि निभावून जातं. हुपरी रस्त्यावरच्या रेसिंग ट्रॅकला गेलं की हाच गुण डोक्यात जातो. वळणं आखूड, एक संपतंय तोवर दुसरं. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकानं बाहेर बाहेरच जाते. ती आत वळेपर्यंत रेस द्यायला थांबायचं, म्हणजे पुढचा सरळ पट्टा गेलाच. दिवस संपला की पुढच्या टायरांची बाहेरची कड सोलवटलेली आणि मागचे नव्यासारखे. पुढचे मागे टाकून झीज सारखी करावी म्हटलं, तर मापंच वेगळी.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे चारी कोपऱ्यांना 225. मागच्या साडेआठ इंची रिमवर तो बसतो. 255 मात्र पुढच्या आठ इंची रिमवर बसवायचा नसतो, त्यामुळे उलटं करायला गेलात तर रिमचाही खर्च.

आता दुकान. हायवेलगतचं, मोठं, एसीचं. ‘चार द्या’ म्हटल्यावर मालकांनी आधी मलाच समजावलं, ‘साहेब, मागं रुंदच पाहिजे, कंपनीनं उगं दिलंय होय?’ ट्रॅकचं सांगितलं. ‘मग चालतंय की.’ दोन शिल्लक होते, दोन पुण्याच्या गोदामातून निघणार होते. उद्या. तो उद्या काही उजाडेना. फोन केला की गाडी कराडला आलेली असायची. कराडला इतका मुक्काम करणारा टेम्पो मी पाहिला नाही.

शेवटी टायर आले ते 255/35. ‘चाळीस नाही मिळाला, पस्तीस मिळाला.’ मी 225 मागितले होते! शिवाय 35 म्हणजे व्यास मूळच्यापेक्षा अडीच सेंटिमीटरच्या आसपास कमी. पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीनं फिरणार आणि घसरण रोखणारी यंत्रणा भलत्या वेळी ब्रेक धरणार. परत पाठवले.

पुढची खेप 225/45 ची, पण नक्षी वेगळी आणि साइडवॉलवर 95 ऐवजी 91. मालक म्हणाले, ‘चारच नंबरचा फरक की ओ.’ तो नंबर वजनाचा असतो. 95 चा टायर 690 किलो पेलतो, 91 चा 615. मूळचा मागचा टायर किमान 95 चा, तिथं मी 91 घालणार नव्हतो. नक्षीचं समजावताना तर माझा आवाज चढलाच. पुढे एक रबर, मागे दुसरं, म्हणजे माप सारखं करूनही पकड वेगळीच राहणार. मग हा सगळा खटाटोप कशाला? चहा आला, गेला. चहा मात्र दर वेळी वेळेवर यायचा, हे मान्य.

अखेर मी बाकावर बसून राहिलो आणि वितरकाला फोन स्पीकरवर लावायला लावला. नाव, माप, 95, एक्सएल (जादा वजन पेलणारा) सगळं एकेक करून वाचून दाखवलं आणि गोदामातून साइडवॉलचे फोटो मागवले. मग टायर चक्क दोन दिवसांत आले. तेव्हा पैसे भरायच्या आधी फोटो मागवा, ही माझी एकमेव कळकळीची सूचना. त्यात चार आकडी तारीखही बघा. 1424 म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा.

बसवणं आणि बॅलन्सिंग बिनबोभाट झालं. अलाइनमेंट उद्यमनगरात केलं.

ट्रॅकवर फरक पहिल्याच फेरीत कळला. नाक आत येतं, रेस लवकर देता येते. मात्र वळणात मधेच पाय झटकन उचलला तर मागची बाजू हलते. पूर्वी हे कधी जाणवलं नव्हतं. म्हणून सुरुवातीला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे ती घसरण रोखणारी यंत्रणा, चालू ठेवा, आणि पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात ट्रॅकवरची हौस फेडू नका. हवा मी टायर थंड असताना 30 पीएसआय ठेवतो आणि उतरल्या उतरल्या मोजतो. 36 च्या वर गेली की कमी करतो. एक राहिलंच, पुढची चाकं वरच्या बाजूला जराशी आत कललेली, म्हणजे निगेटिव्ह कँबर असेल तर बाहेरची कड वाचते. पण माझ्या गाडीला तिथं मुळात फारशी सोय नाही, त्यामुळे तो खर्च पुढच्या वर्षी.

आणि जुने टायर रनफ्लॅट होते, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. नवे साधे आहेत. माझ्या गाडीत स्टेपनी नाही. पंक्चरचा किट आणि छोटा कंप्रेसर डिकीत टाकल्याशिवाय हुपरी रस्त्यालाही निघू नका.