'माइल्ड' गोळी

लेकाचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या रात्री घसा एवढा ठणकायला लागला की साधं पाणी गिळेना. घरात माझ्या पाठदुखीच्या ट्रामाडोलच्या गोळ्या उरलेल्या, रात्रीचे दोन वाजलेले, नवरा म्हणाला पाव गोळी देऊन बघू का, आणि खोटं कशाला बोलू, पाकीट माझ्या हातात होतं. तरी आधी डॉक्टरांना फोन केला. बाई झोपेतून उठून एवढंच बोलल्या, "ती गोळी त्याला अजिबात द्यायची नाही."

सकाळी त्यांनी नीट समजावलं. कोडीन हे ट्रामाडोलसारखंच ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं दुखण्याचं औषध. ते पोटात गेलं की लिव्हरमधलं एक एन्झाइम, सीवायपी२डी६, त्याचं मॉर्फिन करतं, ट्रामाडोलचंही तेच एन्झाइम जास्त कडक रूप बनवतं. आता हे एन्झाइम कुणाचं किती जोरात चालतं ते जीन्सवर. काही मुलांमध्ये जवळपास चालतच नाही, मग औषध घेऊनही दुखणं तसंच, आणि काहींमध्ये इतकं सुसाट की वजनाप्रमाणे मोजून दिलेला डोससुद्धा अंगात भलताच चढतो आणि झोपेतच श्वास मंदावतो. टॉन्सिलवाल्या मुलांना बरेचदा आधीच झोपेत श्वास अडकायचा त्रास असतो, म्हणजे आगीत तेल. अशी मुलं गेली आहेत. म्हणून अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१३ मध्ये टॉन्सिलनंतरच्या कोडीनवर कडक इशारा छापायला लावला, आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्यांना दुखण्यासाठी ही दोन्ही औषधं नकोच म्हटलं, टॉन्सिल काढल्यावर तर १८ पर्यंत नको.

गंमत म्हणजे मी मॉर्फिन या नावालाच टरकायचे, आणि कोडीन माझ्या लेखी 'माइल्ड'. पण मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना मॉर्फिनचा अंदाज जास्त बांधता येतो. डब्ल्यूएचओनं २०१२ मध्ये मुलांच्या दीर्घ दुखण्यासाठी कोडीनची मधली पायरीच काढून टाकली, साध्या औषधानं भागेना तर थेट मॉर्फिनसारखं, मोजून आणि लक्ष ठेवून. कॅन्सरच्या दुखण्यात तळमळणाऱ्या पोराला ओपिऑइडच्या भीतीनं तसंच ठेवणं हे मला तरी क्रूर वाटतं.

लेकाचं मात्र पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनवरच निभावलं. फक्त 'दुखलं की देऊ' असं नाही, घड्याळ लावून, वजनाप्रमाणे, रात्री उठवूनसुद्धा. त्यावरून त्यानं मला जाम शिव्या घातल्या, घसा दुखत असताना हे कसं जमलं देव जाणे. ट्रामाडोलचं पाकीट मेडिकलवाल्याकडे नेऊन दिलं.