घोडी आहे की घोडा, हेही त्यानं विचारलं नव्हतं

घोडी विकायला काढली की तिचा फोटो मी सकाळच्या उन्हातच काढतो. दुपारच्या उन्हात कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, रंग करपल्यासारखा दिसतो. ही घोडी 4 वर्षांची, उंची 60 इंच, बाप काठेवाडी, कानाची टोकं एकमेकांना भिडणारी. 1 लाख 80 हजार सांगितले होते, दीडला दिली असती.

संध्याकाळी घोडीची चंदी, म्हणजे खुराक, भिजवत होतो तेव्हा फोन आला. हिंदीत बोलणारा. "आर्मी में हूँ, पुणे पोस्टिंग है. घोडा पसंद है, ले लूँगा." भाव एका पैशानं पाडला नाही. लगेच ओळखपत्राचा फोटो आला, वर्दीतला फोटो आला. घोडा न्यायला आर्मीचीच गाडी येणार म्हणे. मग क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करो, एडवान्स आ जायेगा. पहले पाँच रुपया भेजो, दस वापस आयेगा."

पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. एवढं मला ठाऊक होतं. पण मी त्याला ओळखलं ते कोडच्या बरंच आधी.

लोह्याजवळच्या माळेगावात खंडोबाच्या यात्रेला मी वडिलांच्या बोटाला धरून जायचो, तेव्हापासून घोडं घेणारा माणूस बघत आलोय. तो आधी भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणं, विचारतो. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा आहे का, डोळ्याखाली आंसूढाळ हा अशुभ भोवरा तर नाही ना. आंसूढाळ असला तर कितीही देखणं जनावर असो, अर्धे लोक तिथंच फोन ठेवतात. मग दात. 4 वर्षांच्या घोडीचे वर-खाली मधले चार-चार दात बदललेले असतात, कडेचे अजून दुधाचेच. तो म्हणतो, ओठ उचलून व्हिडिओ टाका. मग मागून चालवलेली दाखवा, खूर दाखवा, कुणाची पैदास ते सांगा. मग चार दिवस भाव पाडतो. शेवटी एखादा जाणकार घेऊन घरी येतो, गुडघ्यापासून खुरापर्यंत नळीवरून हात फिरवतो, गाठ लागते का बघतो आणि स्वतः पाठीवर बसून बघतो. पैशाचं बोलणं त्यानंतर.

हे मी त्याला तोंडावर सुनावलं. "साहेब, हा घोडा नाही, घोडी आहे. घेणाऱ्याला एवढं तरी माहीत असतं."

तो क्षणभर थांबला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "अच्छा, और क्या क्या पूछते हैं?"

आणि मी सांगितलं. भोवरे सांगितले, दात सांगितले, देवमण कुठं असतो ते सांगितलं. चांगली दहा मिनिटं बोललो. वाटलं, बरा उघडा पाडला याला. फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला, घोडीला खरारा केला आणि झोपलो. कुणाला काही कळवलं नाही. घोड्यांच्या ग्रुपवर एक ओळ टाकायची, तीही टाकली नाही. आम्ही सगळे असेच आहोत. फसलेला लाजेनं बोलत नाही आणि वाचलेला आपल्याच तोऱ्यात असतो.

बाराव्या दिवशी कंधारकडचा एक पोरगा दारात आला. त्याचं अडीच वर्षांचं शिंगरू विकायचं होतं. 42 हजार गेले. कोड आधी पाच रुपयांचा, मग दहा हजारांचा, मग "वो अटक गया, फिरसे करो." लाजेपायी रात्रभर घरात बसला आणि 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेलेले. ठाण्यात तक्रार लिहिणाऱ्यानं त्याला विचारलं, शिकलेला असून कळलं नाही का? हे विचारायची गरज नव्हती. पोरगं आधीच खाली मान घालून उभं असतं.

मी त्याला विचारलं, तुला शंका कशी आली नाही?

"मामा, त्याला समदं माहीत होतं की वो. आंसूढाळ विचारला, दात विचारले. देवमणाचा फोटो मागितला. मला वाटलं, जाणकार माणूस हाय."

नंबर वेगळा होता. आवाज तोच होता का, हे सांगायला माझ्याकडं काही नाही. हे शब्द त्या माणसाला दुसऱ्या कुणाकडूनही मिळाले असतील. रात्री ठाणावर घोडी पाय आपटते तेव्हा जाग येते आणि ते "और क्या क्या" ऐकू येतं.

आता फोनवर कुणी कितीही बारीक विचारलं तरी मी एकच सांगतो : घोडी दावणीला आहे, या आणि हात लावून बघा. आणि त्या नंबरची तक्रार मी 1930 वर केली, बारा दिवस उशिरा.

पोराला अजून काही बोललो नाही. रविवारी त्याच्याकडं जायचंय. शिंगराचे खूर वाढलेत, ते तासून देतो म्हणून सांगितलंय. तेव्हा सांगेन.