डाव्या हाताचा मळ

उभ्या गाडीचा क्लच दाबून बघायची मला जुनी खोड आहे. गाडी कुणाची का असेना. सोसायटीच्या पार्किंगमधून जाताना हात आपोआप डाव्या लिव्हरकडे जातो, एकदा दाबतो, सोडतो, की मी पुढे. वॉचमनने आता बघायचं सोडून दिलंय, घरच्यांना अजून लाज वाटते. पण लिव्हर चार बोटांत आला की गाडीचा मालक बराचसा कळतो. कुणाची लिव्हरपासून क्लचपर्यंत जाणारी वायर वर्षानुवर्षं कोरडी, कुणाची अशी ताणलेली की जरा बोट लागलं तरी क्लच सुटावा, कुणाची इतकी ढिली की अर्धा लिव्हर नुसता हवेत. या शास्त्रात फारसं तथ्य नसेल. हात बघणारेही तसेच सांगतात आणि लोक ऐकून घेतात.

परवा दुपारी भाच्याच्या सायकलचा क्लच दाबला आणि हाताला काही लागलंच नाही. लिव्हर आत गेला, बाहेर आला, कुठे कुरकुर नाही.

सायकलला क्लच कसला? तर भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने जुन्या सायकलच्या फ्रेममध्ये किटचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलंय. म्हणायला ८० सीसी, खरं ६६च्या आसपास. पायडल मारून वेग घ्यायचा, डावा लिव्हर सोडायचा, की इंजिन खोकत खोकत चालू होतं. लूनालाही पायडल होते, पण १९७२ पासून पुण्यातून निघालेल्या त्या ५० सीसीच्या बाईसाहेबांचा क्लच आपला आपण लागायचा. डाव्या हाताला तिथे कामच नव्हतं. कायद्याने २५ सीसीच्या वर गेलेली दुचाकी मोटार वाहनात जमा होते, मग नंबर आला, लायसन आलं, विमा आला. त्यामुळे भाच्याची फटफटी सोसायटीच्या आवारातच फिरते, तीही सेक्रेटरींची वामकुक्षी आटोपल्यावर.

या किटचा क्लच भलता कडक असतो. लिव्हरला एक खटका दिलेला असतो. क्लच दाबून तो अडकवून ठेवायचा, म्हणजे बोटांना कळ लागत नाही. त्यात हँडलपासून इंजिनापर्यंत वायर अशी अडचणीतून वळवावी लागते की आपला बराचसा जोर त्या वळणांवर घासण्यातच जातो. भाच्याने वायर काढूनच टाकली. डिस्क ब्रेकच्या सायकलचा हायड्रॉलिक लिव्हर आणला, इंजिनाजवळ एक छोटा सिलिंडर बसवला आणि दोघांमध्ये तेलाची बारीक नळी.

"मामा, एका बोटाने दाब."

दाबला. खरंच दबला.

म्हणे आधी याहून मोठा सिलिंडर लावला होता. तेव्हा लिव्हर आणखी हलका झाला, पण क्लच काही केल्या सुटेना. व्यास दुप्पट केला की जोर चौपट मिळतो, पण पिस्टन सरकतो पावपटच. पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला हिशोब, कुर्ल्याच्या भंगारबाजारातही त्यात घासाघीस होत नाही. शेवटी जवळजवळ लिव्हरच्याच मापाचा सिलिंडर शोधावा लागला. म्हणजे तेलाने जोर वाढवलेला नाहीच, फक्त वायरीचं घासणं गेलं. एवढ्यासाठी त्याचे कितीतरी रविवार गेले. मला ते वाया गेलेले वाटत नाहीत, पण बहिणीसमोर मी तसं म्हणत नाही.

तेल भरायला त्याने मेडिकलमधून सिरिंज आणली. सुई नको, नुसती सिरिंज हवी, म्हटल्यावर दुकानदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. खालून तेल सारायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे वर निघून जातात. तेल दबत नाही, हवा दबते. एक बुडबुडा राहिला तरी लिव्हर भुसभुशीत. आणि तेलही लिव्हर मागेल तेच. मिनरल ऑइलच्या लिव्हरात गाडीचं ब्रेक ऑइल ओतलं की आतले रबरी सील फुगून बसतात. हे मात्र मीच त्याला बजावलं होतं, मामा म्हणून काहीतरी बजावायला हवंच.

आमच्याकडे तेल घालायची रीत वेगळी. बाबांची स्कूटर होती, आम्ही लालबागच्या चाळीत. मे संपत आला, पावसाची चाहूल लागली, की बाबा क्लचची वायर सोडवून वर आणायचे आणि गॅलरीत दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला टांगायचे. वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा रबरबँडने घट्ट बांधायचा आणि त्यात इंजिन ऑइल. बाहेरच्या नळीतून, आतल्या वायरीच्या कडेकडेने, ते रात्रभर उतरायचं. खाली आईची वाटी. ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात घ्यायची की नाही, यावरून दर वर्षी तेच भांडण त्याच शब्दांत व्हायचं. शेजारच्या काकू येता-जाता विचारायच्या, "कुणाला सलाईन लावलंय?" माझ्याकडे काम एकच. पहिला थेंब खाली आला की ओरडून सांगायचं. तो कधीच माझ्यासमोर आला नाही. सकाळी उठून पाहावं तर वाटीत काळं तळं.

१८९६ साली लंडनच्या अर्नेस्ट बाउडनने या वायरीचं पेटंट घेतलं, त्याच्या डोक्यात मुंबईचा पाऊस आणि खारा वारा नसणार. बाहेरची नळी दाब सोसते, आतली पिळलेली वायर ताण सोसते, आणि तुटताना ती एकदम तुटत नाही. निपलपाशी, म्हणजे लिव्हरात अडकणाऱ्या टोकाच्या गोळीपाशी, एकेक तार सुटत जाते. बाबा लिव्हर दाबून सांगायचे, "ही काही गणपती बघत नाही." बहुतेक वेळा खरं निघायचं. एकदा दादरच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातच तुटली. बाबांनी आम्हा दोघा भावांना उतरवलं, गाडी ढकलत पळाले, गिअर टाकून उडी मारून बसले आणि निघाले. आम्ही दप्तरं डोक्यावर धरून मागून. थांबले की पुन्हा सगळं पहिल्यापासून, म्हणून ते थांबतच नव्हते.

तेल गळायला लागलं तर लिव्हर सैल पडतो, हे भाच्यालाही माहीत आहे. पण ते बोटाला आदल्या आठवड्यात कळतं का, असं विचारलं तर म्हणाला, "तेलाची पातळी बघायची ना, मामा." बरोबरच आहे.

मग आवारात एक चक्कर मारून दाखव म्हटलं. मारली. गेटपाशी थांबायला निघाला आणि गेटच्या पुढे जाऊन थांबला. मी खाली वाकून बघितलं. दोन्ही चाकांना रिमवर घासणारे तेच जुने रबराचे ठोकळे.

"तो लिव्हर डिस्क ब्रेकचा ना? मग उरलेला ब्रेक कुठाय?"

"घरी पडलाय. या फ्रेमला डिस्क बसत नाही."

पावसात ओल्या रिमवर रबर किती उशिरा पकडतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती, आणि मला सांगायचा मूडही नव्हता. पाना मागून घेतला आणि इंजिनाचा प्लग काढून खिशात टाकला. डिस्क बसेल अशी फ्रेम आण, मग परत देतो म्हटलं. तो चिडलाय. बहिणीला अजून यातलं काही माहीत नाही.