आमची वाटचाल : कोकणातल्या मारुती ८०० आणि त्यांचे जाम झालेले स्ट्रट

रत्नागिरीत आमचं गॅरेज सुरू झालं ते मिळेल ते काम करणारं म्हणून. पुढे सस्पेन्शनचं काम वाढत गेलं, आणि त्यातही पुढच्या चाकांच्या जाम, म्हणजे अडकून बसलेल्या, स्ट्रटचं. त्याला कारण इथली हवा आणि इथली माणसं. मालक मुंबईला, घर बंद, गाडी पडवीच्या बाजूला उभी. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी बाहेर निघते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, खारा वारा, आणि मडगार्डच्या आत थापून बसलेला तांबडा चिखल.

पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, १९८६ मध्ये बॉडी बदलली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. या सगळ्या काळात पुढे मॅकफर्सन स्ट्रटच राहिला. शॉकअप, त्यावरची स्प्रिंग आणि चाकाला उभं धरणारा खांब हे सगळं त्या एकाच नगात आहे. तो जाम झाला की नुसती गाडी आदळत नाही. खड्ड्याचा मार सरळ ॲप्रनच्या, म्हणजे मडगार्डच्या आत स्ट्रटचं वरचं टोक धरणाऱ्या, पत्र्यावर बसतो, आणि तोच पत्रा आतून गंजलेला असतो.

उभी गाडी जाम का होते, हे गिऱ्हाइकाला आम्ही शॉकअपमधला वरखाली सरकणारा जुना रॉड हातात देऊनच दाखवतो. रॉडवरचं क्रोम चकचकीत दिसलं तरी त्यात केसाएवढ्या भेगा असतात. रॉडवरच्या रबरी टोपणात, म्हणजे डस्ट बूटमध्ये, तो फाटला की पाणी साठतं, ते भेगांतून खालच्या लोखंडाला लागतं आणि क्रोमखाली गंजाचे फोड येतात. चालत्या गाडीत रॉड तेलात वरखाली होत राहतो. उभ्या गाडीत त्याचा तोच भाग वर्षानुवर्षं उघडा पडतो. मग एक दिवस गाडी काढली की ते फोड कानशीसारखे सीलवर घासतात. तेल जातं, पाणी आत शिरतं, रॉडला सरळ धरणारा गाइड बुश गंजतो आणि रॉड आवळला जातो.

मेलेला शॉकअप आणि जाम शॉकअप यांत गल्लत करू नये. मडगार्डच्या कोपऱ्यावर वजन टाकून सोडा. मेलेला असेल तर गाडी दोन-तीनदा डुलते. जाम असेल तर कोपरा हलतच नाही, फक्त टायर दबतो. त्या बाजूची उंचीही बहुधा वेगळी दिसते. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग 'टण्ण' करून उसळली, तर वरचं बेअरिंगही गेलंय असं समजा.

आमच्या कामाला वळण लागलं ते एका नियमामुळे: एकच बाजू बदलून द्यायची नाही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना शॉकअप असला तर जोरात ब्रेक लावल्यावर गाडी ओढते. खर्च वाढतो म्हणून काही गिऱ्हाइकं परत गेली, पण नियम आम्ही सोडला नाही. दर बाजूला स्ट्रट, वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट बूट, स्प्रिंगखालचं रबर आणि नकलचे (चाक जिथे बसतं त्या, स्ट्रटला खाली जोडलेल्या भागाचे) दोन्ही बोल्ट नटासकट, एवढा संच आम्ही एकत्र बांधूनच ठेवतो. बोल्ट १०.९ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेले. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही. तो ताणला जातो, नकल सरकतो आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडतो.

गाडी आदल्या संध्याकाळीच लागते. तारेच्या ब्रशने चिखल आणि सुटा गंज काढून नकलच्या बोल्टांवर आणि वरच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे, सकाळी पुन्हा एकदा. मग गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर हे काम कधीच नाही. नकल आणि ब्रॅकेटच्या जागेवर रंगाने खूण करायची. ब्रेकचा होज क्लिप काढून मोकळा करायचा, आणि नकल सुटल्यावर त्याचं वजन होजवर येऊ न देता तारेने बांधायचं. बोल्ट धरून नट फिरवायचा. नट निघून बोल्ट अडकला, तर नट टोकाशी समपातळीत परत लावून पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ठोकायचं. तरीही हलला नाही तर ब्रॅकेट आणि नकलच्या फटीतून करवतीने कापायचा. बोल्ट कमी किमतीचा आहे, नकल नाही.

गॅस लावायचाच तर फक्त नटाला, आणि तोही होज व रबर बुश झाकून. स्ट्रटच्या नळीला आच कधीच लावायची नाही. आत तेल असतं, नव्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये दाबाखालचा वायूही, आणि बंद नळी तापली की फुटते. नवीन मुलगा शेडमध्ये आला की पहिल्या दिवशी त्याला हे सांगितलं जातं.

सगळ्यात जास्त धोका स्ट्रट बाहेर आल्यावर असतो. जाम रॉडने स्प्रिंग अर्धवट दाबून धरलेली असू शकते. स्प्रिंग सैल वाटते, माणूस बेसावध होतो, आणि ठोकताना रॉड अचानक सुटतो. म्हणून स्प्रिंग दाबून धरणारे दोन कंप्रेसर समोरासमोर, जमतील तेवढे वेटोळे पकडून लावायचे. त्यांच्या आट्यांना ग्रीस लावायचं आणि हातपान्यानेच, आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं. स्प्रिंग बैठकीवर हाताने फिरली की मगच मधला नट. नटाबरोबर रॉड फिरत असेल तर पाइप पान्याने सरळ क्रोमवर पकडा. हा रॉड तसाही भंगारातच जाणार आहे. दोन्ही स्प्रिंगा सपाट फरशीवर उभ्या करून बघायच्या. उंचीत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आम्ही जोडी बदलतो.

स्ट्रट निघाल्यावर ॲप्रन मोकळा दिसतो, आणि खरा निर्णय इथे होतो. चिखल धुऊन पेचकसाच्या मुठीने ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आला तर तिथे टोकाने दाबून बघायचं. टोक आत गेलं तर नवा स्ट्रट त्या दिवशी बसत नाही. गंजलेला भाग कापून मूळ जाडीचाच पत्रा वेल्ड करायचा, बॅटरी आधी सोडून. पुटी भरून रंग मारलेले ॲप्रन आम्ही उघडलेत. तसलं काम आमच्याकडून होणार नाही. वेल्डिंगसाठी स्वतंत्र माणूस ठेवला तो याच कारणाने.

नवा स्ट्रट बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा, म्हणजे आतली हवा वर निघते. हे टाळलं की नवा शॉकअप पहिल्याच दिवशी पोकळ आवाज करतो आणि दोष मालाला दिला जातो. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलंच पाहिजे. बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझचा (बोल्ट जाम न होऊ देणाऱ्या पेस्टचा) पातळ थर लावतो, आट्या कोरड्या ठेवतो, आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळतो. लोअर आर्मचे (नकलला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश सोडले असतील तर ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचे. लटकत्या चाकावर आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत, ते तपासणं. खूण कितीही नीट केली असली तरी नवा स्ट्रट टो थोडा हलवतोच, आणि तसंच सोडलं तर नवे टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातात.

८०० वर हात बसला तशा इतर गाड्या येऊ लागल्या. मारुती १००० आणि एस्टीम, ज्यांना मागेही स्ट्रट आहेत. पुण्यात तयार झालेली मर्सिडीज डब्ल्यू १२४ आली, तेव्हा कामाची पद्धतच बदलावी लागली. तिच्यात स्प्रिंग स्ट्रटवर नसून वेगळी, लोअर आर्मवर बसते, आणि शॉकअपच आर्मला खाली जाण्यापासून अडवतो. आर्मखाली जॅक न लावता शॉकअप सोडला तर स्प्रिंग उसळून बाहेर येते.

ज्यांचे स्ट्रट बाजारात मिळत नाहीत, त्यांच्यासाठी आता लेथचं काम सुरू केलंय. वरचा नट असलेली नळी उघडता येते. रॉड नवा घडवून हार्ड क्रोम करून ग्राइंड करायचा, सील आणि गाइड बुश बदलायचे, आणि शॉकअपचंच तेल मोजून भरायचं. इंजिन ऑइल टाकून भागवणारे आहेत, पण त्याचा दाटपणा गरम-थंडीत फार बदलतो. बंद, वेल्ड केलेल्या नळ्या मात्र आम्ही घेत नाही. कापून पुन्हा जोडलेल्या नळीची खात्री देता येत नाही.

गाडी पावसाळाभर बंद ठेवणाऱ्यांसाठी मे महिन्यात एक छोटी सेवा ठेवली आहे: बूट तपासणं, मडगार्डच्या आतला चिखल धुणं, ॲप्रनच्या सांध्यांवर मेणाचा थर. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन पंधरा दिवसांतून एकदा गाडी वाडीतून फिरवून आणायला सांगा, असंही आम्ही प्रत्येकाला सांगतो. गणपतीआधीच्या कामासाठी गाडी जुलैच्या आत आणावी. ॲप्रन गंजलेला निघाला तर तेवढा वेळ लागतोच.