सीएच ७०१ या छोट्या विमानावर रोटॅक्सचं ९१२ यूएलएस इंजिन : फ्युएल प्रेशर अखेर जागेवर

इंजिन चांगलं तापवून बंद केलं, १५ मिनिटं उन्हात तसंच ठेवलं, पुन्हा चालू करून फुल थ्रॉटल दिला. फ्युएल प्रेशरचा काटा ०.२८ बारवर ठाम! मागच्या नोंदीपर्यंत तो याच चाचणीत ०.१२ वर येत होता. रोटॅक्सची खालची मर्यादा ०.१५, म्हणून उड्डाण थांबलेलं.

८० एचपीचं यूएल काढून १०० एचपीचं यूएलएस चढवताना रिंग माउंट (इंजिन धरणारा सांगाडा) तोच चालला. अडलं ते इंधनापाशी.

पहिला संशय सेंडरवर, म्हणजे प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरवर. लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून मेकॅनिकल गेज लावला, दोन्ही आकडे जुळले. म्हणजे प्रेशर खरंच पडत होतं. मग लाइन अपुरी पडतेय का? टेकऑफला यूएल तासाला २४ लिटर घेतं, यूएलएस २७. एवढ्याशा फरकाने प्रेशर इतकं कोसळत नाही. शेवटी गॅस्कोलेटर (इंधनातलं पाणी-कचरा अडवणारी वाटी) ते पंप या तुकड्यात, फक्त जमिनीवरच्या चाचणीपुरती, पारदर्शक नळी घातली. इंजिन बंद झाल्यावर थोड्याच वेळात नळीत वाफेच्या बुडबुड्यांची रांग लागली. लाइन सायलेन्सरपासून जेमतेम चार बोटांवर होती. टाकीत अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) असून ही अवस्था. (पेट्रोलपंपावरचं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, बादच, रोटॅक्सला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं.)

उपाय असे. लाइन सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेली, तिच्यातले दोन ९० अंशांचे एल्बो काढले. मध्ये स्टेनलेसचा पत्रा, पंपावर २५ मिमीची हवेची नळी. पण खरा फरक पडला रिटर्न लाइनने. जुन्या जोडणीत ती नव्हतीच. आता पंपानंतरच्या फाट्यावरून ०.३५ मिमी भोकाच्या रिस्ट्रिक्टरमधून (प्रवाह रोखणाऱ्या बारीक जेटमधून) वाफ थेट टाकीत परत जाते. रिस्ट्रिक्टर विसरलात तर प्रेशर पुन्हा पडेल, आणि रिटर्न दुसऱ्याच टाकीत सोडलात तर ती भरून वाहील.

फायर स्लीव्ह (नळीवरचं आगरोधक आवरण) सिलिकॉनचा थर असलेलीच घ्या आणि तिची कापलेली टोकं सील करा, नाहीतर ती तेल पिते. जाळीदार पट्टीचे स्वस्त क्लॅम्प रबर कापतात. आतून गुळगुळीत पट्टीचे थोडे महाग पडतात, पण तेच वापरावेत.

प्रॉपचं काम उरलंय. गिअरबॉक्सचं गुणोत्तर २.२७ ऐवजी २.४३, त्यामुळे ५८०० आरपीएमला प्रॉप २५५५ ऐवजी २३८७ वरच फिरतो. पिच (पात्यांचा कोन) वाढवावाच लागणार, मात्र फुल थ्रॉटलला इंजिन ५२०० च्या खाली राहता कामा नये. सुरुवात अर्ध्या अंशाने.

पुढे मोठा इलेक्ट्रिक पंप बसवायचा बेत होता, तो रद्द. काउलिंगमधली (इंजिनावरच्या झाकणातली) उष्णता मोजताना कार्ब्युरेटरकडे जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी गरम निघाली. दर ३ अंशांमागे साधारण १ टक्का ताकद जाते, म्हणजे ५ एचपी इथेच हरवतात. म्हणून आधी एअरबॉक्स (कार्ब्युरेटरला हवा देणारी पेटी) आणि बाहेरच्या हवेचा डक्ट. पिच त्यानंतरच, कारण ताकद वाढली की आरपीएम पुन्हा बदलणार.