जुन्या इनोव्हाचे अ‍ॅव्हरेज, थोडक्या खर्चात

लिटरमागे दहा किलोमीटर जाणारी मोठी गाडी बारा किलोमीटर जाऊ लागली, तर वर्षाच्या दहा हजार किलोमीटरमागे सुमारे १६७ लिटर डिझेल वाचते; लिटरला ९० रुपये धरले तर ही रक्कम पंधरा हजारांच्या घरात जाते. वीस देणारी छोटी गाडी चोवीस देऊ लागली, तर वाढ टक्क्यांत तेवढीच असली तरी बचत निम्मीच, म्हणजे सुमारे ८३ लिटरची होते. त्यामुळे अ‍ॅव्हरेजसाठी खटपट करायचीच असेल, तर ती सात-आठ माणसांच्या जड आणि जुन्या गाडीवर करणे अधिक फायद्याचे ठरते. नेमक्या याच गाड्यांबाबत मात्र ‘जुनी झाली, आता एवढेच देणार’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो आणि ते मला पटत नाही.

आमच्या घरी २०१० सालची डिझेल इनोव्हा आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी आता मी आणि दादा मिळून वापरतो. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आम्ही तिच्या नोंदणीचे रीतसर नूतनीकरण करून घेतले, ते ती विकायची नाही असे ठरवूनच. कारण कऱ्हाडहून चिपळूणला सगळे घर एकत्र जायचे म्हटले, तर दोन छोट्या गाड्या काढण्यापेक्षा ही एक गाडी आजही स्वस्त पडते. तिच्यावर काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. अशा गाडीत काही नवीन बसवून अ‍ॅव्हरेज वाढत नाही. कारखान्यातून निघताना जे होते, त्यातले जे अडकले, सैल झाले किंवा कुणीतरी काढून टाकले, ते पूर्ववत केले की गेलेले अ‍ॅव्हरेज परत मिळते, आणि यातली बहुतेक कामे इंजिन न उघडता होतात.

काम सुरू करण्यापूर्वी मोजमाप मात्र नीट हवे. टाकी फुल करायची ती नेहमी एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद होताच, थांबून; ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, आणि पुढच्या वेळी टाकी पुन्हा तशीच भरून किलोमीटरला लिटरने भागायचे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. ऑटो कटच्या पुढे कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त भरले गेले की आकडा हलतो, म्हणून सलग तीन-चार टाक्यांची सरासरी धरावी. टायरचा साइज बदललेला असेल तर तोही हिशेबात घ्यावा. या इनोव्हाचा मूळ टायर २०५/६५ आर १५ आहे. त्या जागी २१५/६५ घातला तर चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, मीटर खऱ्या अंतरापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि काहीही बिघडलेले नसताना अ‍ॅव्हरेज घसरल्यासारखे वाटते.

माझ्या मते पहिली तपासणी चाकांची करावी. ही गाडी रिकामीच दीड टनाहून जड आहे. तिचे एक जरी चाक ब्रेकला घासत असेल, तर ते डिझेल कोणत्याही इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) सर्व्हिसिंगने वाचणार नाही. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता गाडी चालवावी, शेवटी ती आपोआप मंदावू द्यावी, आणि उतरून प्रत्येक रिमजवळ हाताचा पंजा न्यावा, रिमला लगेच हात लावू नये. चारपैकी एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर ब्रेक तिथे धरतो आहे. मग गाडी सपाट जागेवर घेऊन, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. पॅडचा किंचित ‘खस्स’ असा आवाज येणे स्वाभाविक आहे. पण चाक फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागत असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्या आहेत असे समजावे. त्या बाहेर काढून स्वच्छ करणे, ब्रेकसाठी असलेले ग्रीस लावणे आणि फाटलेले रबरी बूट बदलणे हे अर्ध्या दिवसाचे आणि किरकोळ पैशांचे काम आहे. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमध्ये वेगळीच गोष्ट आढळते. हँडब्रेक ‘टाइट’ करून देताना मेस्त्री केबल इतकी ताणतात की लिव्हर पूर्ण खाली केला तरी लायनर ड्रमला टेकलेलेच राहतात, आणि गाडीवाला मात्र हँडब्रेक छान लागतो म्हणून समाधानी असतो.

हवेबद्दल सर्वांनाच माहिती असते, तरी ती पाहिली जात नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने दिलेला आकडा असतो. तो थंड टायरसाठीचा असतो, म्हणून सकाळी गाडी हलवण्यापूर्वी मोजावे. काही शे रुपयांना मिळणारा स्वतःचा गेज ठेवावा, कारण पंपावरचे सगळे गेज सारखेच दाखवतील याची खात्री नसते. लांब प्रवासात तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसली म्हणून ती सोडू नये. व्हील अलाइनमेंटची शंका असेल तर पुढच्या टायरवरून तळहात आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने रबर गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर चाके सरळ न धावता थोडी फरफटत आहेत.

आता ज्या सुट्या भागाबद्दल मला सर्वांत पोटतिडकीने लिहायचे आहे, त्याकडे वळतो: थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. इंजिन थंड असताना कुलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणे आणि तापमान ८० अंशांच्या आसपास पोहोचले की वाट मोकळी करणे, एवढेच त्याचे काम. आपल्याकडे अनेक गॅरेजांत, विशेषतः एकदा गाडी तापली की, हा व्हॉल्व्ह सरळ काढून टाकतात. आमच्याही गाडीतला एका गॅरेजने असाच काढला होता, आणि विचारल्यावर ‘व्हॉल्व्ह काढला की इंजिन गार राहतं, साहेब’ असे उत्तर मिळाले. इंजिन गार राहते हे खरे, आणि नुकसान तिथेच आहे. डिझेल इंजिन मुळातच सावकाश तापते. त्यात कुलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरू लागले, तर हिवाळ्यातल्या सकाळी किंवा घाट उतरताना ते योग्य तापमानाला पोहोचतच नाही. ऑइल घट्ट राहते, घर्षण वाढते आणि इंजिन अजून थंडच आहे असे समजून संगणक त्या हिशेबाने जास्त डिझेल सोडत राहतो. शिवाय अनेक इंजिनांत हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला तर काही कुलंट रेडिएटरकडे न जाताच फिरत राहते आणि चढावर ओझे असताना गाडी उलट अधिक तापू शकते.

ओळखायची खूण सोपी आहे. पंधरा-वीस मिनिटे चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या खालीच रेंगाळत असेल, किंवा चढावर वर येऊन उतारावर पुन्हा खाली जात असेल, तर व्हॉल्व्ह नाही किंवा उघडाच अडकला आहे. काढलेला व्हॉल्व्ह चांगला आहे का, हे घरीच पाहता येते: पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगावा आणि पाणी तापवावे. थंड पाण्यात तो घट्ट मिटलेला असला पाहिजे, आणि पाणी उकळण्याच्या बरेच आधी मधली चकती सरकून उघडू लागली पाहिजे. नवा व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि ताजे कुलंट यांचा खर्च एका इंजेक्टरच्या किमतीसमोर नगण्य आहे.

इंजिनाच्या बाजूला आणखी दोन स्वस्त गोष्टी आहेत. एअर फिल्टर, विशेषतः उसाच्या हंगामात धुळीच्या रस्त्यांवर फिरल्यानंतर, वेळापत्रकाची वाट न पाहता बदलावा. तसेच टर्बोपासून (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागापासून) निघणारे रबरी होज आणि त्यांच्या क्लिप पाहाव्यात. जोर दिल्यावर शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि होजच्या टोकाशी तेलकट ओल दिसली, तर दाबाची हवा बाहेर निसटते आहे.

चालवण्याच्या सवयींत आपल्या घाटांतली एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. कुंभार्ली उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे अनेक जण आहेत, आणि जुन्या जाणत्या ड्रायव्हरांचाही त्यावर विश्वास असतो. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणाऱ्या अशा इंजिनात, गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल सोडणे बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलने बचत तर होत नाहीच, उलट इंजिनाचा ब्रेक हातचा जातो आणि भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका अंगावर येतो. चढावर आणि सपाटीवर या इंजिनाला ओरडायला लावण्याची गरज नाही. १,४०० आरपीएमपासूनच त्याला पूर्ण ओढ मिळते, त्यामुळे दोन हजारांच्या आसपास गिअर बदलला तरी गाडी तक्रार करत नाही.

हायवेवर वेगाचा हिशेब वाऱ्याच्या हाती आहे. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि शंभर किलोमीटरमागे वाचतात ती पंधरा मिनिटे. तीही खंबाटकीला रांग लागली नाही तर. गणपतीसाठी बसवलेले टपावरचे कॅरियर दिवाळीनंतरही तसेच राहत असेल, तर रिकामे असूनही ते वाऱ्याला अडवते. ते काढायला पाना आणि दुसरा एक माणूस पुरतो.

डिझेलच्या पाइपला लावायची चुंबके, हायड्रोजन तयार करणारे किट, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर एक रुपयाही घालवू नये असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांतल्या मोजक्याच साधनांत, तोही अगदी थोडा, फायदा आढळला.

हे सगळे करूनही आकडा वर आला नाही, आयडलिंगला गाडी थरथरत असेल किंवा सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागत असेल, तरच इंजेक्टरकडे जावे. तेव्हाही चारही बदलण्याचे अंदाजपत्रक लगेच मान्य करू नये. आधी रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची, चाचणी करायला सांगावी: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी नळी आणि बाटली जोडून इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात, आणि ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर दोषी असतो. बऱ्याचदा एकच निघतो. ही चाचणी आपल्या समोर करून घ्यावी आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून त्यांचा फोटो काढून ठेवावा. पुढचे अंदाजपत्रक त्या फोटोवरून ताडून पाहता येते.