आमची वाटचाल : गावभागातला वाडा आणि आमची खानावळ

सांगलीच्या गावभागातल्या वाड्याच्या ओसरीवर वडिलांनी खानावळ काढली, तेव्हा भाडं नावापुरतं होतं आणि मेंबर म्हणजे कॉलेजची पोरं. पुढची वीस-बावीस वर्षं शाळूची भाकरी, कृष्णाकाठची वांगी, आमटी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते ऑगस्ट 2019 च्या पुराचं. पावसाळ्यात आम्ही सांगलीकर एकमेकांना विचारतो, "आयर्विन किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. 40 फुटांला इशारा, 45 ला धोका. त्या वर्षी 57 च्या वर गेलं. वाड्याचे सागवानी खांब अर्धे पाण्यात. पाणी उतरलं तर चौकात गुडघाभर गाळ, बिडाचा तवा गंजलेला, पितळी पातेल्यांची कल्हई गेलेली. पांढऱ्या मातीच्या भिंती भिजून फुगल्या होत्या, एक तर माजघरात बसलीच.

गवंडी म्हणाला, सिमेंट मारून टाकू. मी मारू दिलं नाही. जुना वाडा घेतला असेल त्यांनी ऐकून ठेवा: मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. चुनाच लावा, तो वाळू द्या. आणि गंजलेला तवा भंगारात घालू नका. राखेनं घासा, तेल लावून जाळावर तापवा.

पाच महिने बंद. तेवढ्यात भाकरीचे आचारी, ज्यांना वडिलांनी तव्यापाशी उभं केलं, ते विश्रामबागकडच्या नव्या हॉटेलात गेले. तिथं पुराचं पाणी येत नाही. प्लायवूडचे खांब, पीओपीच्या देवळ्या, पाटीवर ‘अस्सल वाडा’. पोटासाठी माणूस जातो, त्याचं काही नाही. पण आमच्या आमटीचा मसाला मेनूकार्डावर ‘आजीची पाककृती’! कुणाची आजी?

आमचे गणिताचे सर, निवृत्त, बावीस वर्षांचे मेंबर. गाळ उपसत होतो तेव्हा येऊन तीन महिन्यांचे पैसे हातावर ठेवले. म्हणाले, "खाडे मांडू नकोस." उघडल्या दिवशी पहिल्या पंगतीला बसले आणि आमटीत मीठ कमी म्हणून खोड काढली. मग मार्चात लॉकडाऊन, पण ते सगळ्यांनाच होतं.

जुलै 2021. कोयनेतून पाणी सोडल्याचं कळलं आणि तवा, पातेली, हिशेबाच्या वह्या माडीवर चढवत होतो. आचाऱ्यांचा फोन. "मालक, तवा वर नेला का?"

"नेला," म्हटलं, आणि फोन ठेवला.